समुद्राला सातबारा नसतो

जैतापूर अणुवीज प्रकल्पाच्या जागेला केंद्राने तत्त्वतः मंजुरी दिली 2005 मध्ये. राजापूर तालुक्यातल्या माडबन, निवेली, करेल, मिठगवाणे, वरीलवाडा या गावांची मिळून सुमारे 938 हेक्टर जमीन, तिच्यावर पुढे ठरल्याप्रमाणे प्रत्येकी 1,650 मेगावॉटच्या सहा फ्रेंच अणुभट्ट्या, एकूण क्षमता 9,900 मेगावॉट. जमिनीचा ताबा सरकारने घेतला जानेवारी 2010 मध्ये आणि पर्यावरणाची जनसुनावणी झाली त्याच वर्षी 16 मे रोजी. आधी जागा, मग ताबा, मग लोकांचं म्हणणं. पुढची सगळी धुसफूस या क्रमातूनच आली, असं माझं मत आहे.

कागदावरची व्यवस्था वाईट नाही. 14 सप्टेंबर 2006 च्या अधिसूचनेने पर्यावरण मंजुरीची वाट आखून दिली. अभ्यासाची व्याप्ती ठरवायची, आघात अहवाल तयार करायचा, लोकांचं ऐकायचं आणि मग दिल्लीतल्या तज्ज्ञ समितीने छाननी करायची. सुनावणी राज्याचं प्रदूषण नियंत्रण मंडळ घेतं, अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी असतो. निदान 30 दिवस आधी नोटीस, संपूर्ण चित्रीकरण, शेवटी इतिवृत्ताचं स्थानिक भाषेत वाचन. मात्र स्थानिक भाषेत सक्तीने द्यायचा असतो तो अहवालाचा सारांश. मूळ जाडजूड बाड इंग्रजीतच राहिलं तरी नियम मोडत नाही. सुनावणीला गणपूर्तीचीही अट नाही. मंडप रिकामा असला तरी सुनावणी झाली असंच धरलं जातं. माडबनला मंडप रिकामा नव्हता. अहवाल वेळेत हाती आला नाही, ही तिथली पहिली तक्रार होती.

सुनावणीत हरकत नोंदवता येते, नकार देता येत नाही. 1894 चा भूसंपादन कायदाही तसाच होता. हरकत ऐकून घ्यायची, आणि तातडीचं कलम लावलं की तेही नाही. कोकणात त्यात आणखी एक गुंता. इथल्या सातबाऱ्यावर सामायिक नावांची रांग असते, निम्मे खातेदार मुंबईत चाकरमानी. नोटीस गावात लागते आणि हिस्सेदाराला बातमी कळते गणपतीला आल्यावर. त्यात सरकारी नोंदींमध्ये कातळाची जमीन ‘पडीक’. त्याच कातळावर लोक पावसाळ्यात नाचणी घेतात, सुरुंग लावून खड्डे पाडतात आणि हापूस उभा करतात. टाटा समाजविज्ञान संस्थेतल्या एका अभ्यासानेही उपजाऊ जमीन नापीक दाखवल्याचा आक्षेप घेतला होता. पुष्कळांनी मोबदल्याचे धनादेश घ्यायचं नाकारलं.

तरी जमीनवाल्याचं नाव कुठेतरी असतं. खाडीपलीकडच्या साखरी नाटेतल्या दर्यावर्दी माणसाचं काय? त्याची एक गुंठाही जमीन जाणार नव्हती, म्हणून संपादनाच्या कागदात तो बाधित नव्हता. अणुभट्टी थंड करायला समुद्राचं पाणी आत घ्यायचं आणि कोमट करून परत सोडायचं, तेही रोज अब्जावधी लिटर. त्याने मासळी सरकेल का, सुरक्षेच्या नावाखाली होड्यांना कुठवर मज्जाव होईल, हे त्याचे प्रश्न रोजच्या जाळ्यातले होते. भूसंपादनाच्या तक्त्यात त्यांना रकानाच नव्हता.

28 नोव्हेंबर 2010 रोजी पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी 35 अटींसह मंजुरी दिली. आठवड्याभरात फ्रान्सचे अध्यक्ष सार्कोझी भारतात होते आणि करारावर सह्या झाल्या. अटी चांगल्या असतीलही, पण तारखाच इतक्या बोलक्या असल्यावर गावकऱ्याने काय समजायचं? मार्च 2011 मध्ये फुकुशिमा झालं. एप्रिलमध्ये नाटे इथे पोलिसांच्या गोळीबारात एक मच्छीमार तरुण मेला. 2013 मध्ये मोबदला हेक्टरी साडेबावीस लाखांपर्यंत वाढवला गेला, पण तोही अर्थात जमिनीचाच.

याच जातीची अणुभट्टी इंग्लंडात हिंकली पॉइंटला उभी राहते आहे. तिथेही सगळं आलबेल नाही, पण 2013 च्या परवानगीतच पाणी आत घेताना मासे दूर ठेवणारी यंत्रणा बसवण्याची अट होती. पुढे कंपनीने ती अट काढून मागितली आणि त्यावर वर्षानुवर्षं जाहीर वाद झाला. माशांसाठी कंपनीला इतकी वर्षं उत्तरं द्यावी लागतात, याचा मला हेवा वाटतो.

2013 च्या नव्या भूसंपादन कायद्याने खासगी प्रकल्पाला 80 टक्के आणि सरकारी-खासगी भागीदारीला 70 टक्के बाधितांची संमती सक्तीची केली. सरकारी मालकीच्या प्रकल्पाला ती अट नाही. म्हणजे जैतापूर आज नव्याने आखला तरी संमती कुणी विचारणार नाही. नाणार आणि बारसूच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पाच्या वेळीही आधी जागा ठरली, लोक नंतर आठवले. घाई करून वेळ वाचतो म्हणावं, तर जैतापूरला फ्रेंच कंपनीचा तांत्रिक-व्यापारी देकार आला तोच एप्रिल 2021 मध्ये. जागा ठरवतानाच, पर्याय खुले असताना, सुनावणी घ्यायला कुणी अडवलं होतं? आणि बाधितांच्या यादीत मासेमारीचे परवानेधारक सातबाऱ्याइतक्याच हक्काने यायला हवेत.

तोवर तुमच्या तालुक्यात अशी नोटीस निघाली तर नुसतं भाषण करून घरी येऊ नका. हरकत लेखी द्या, पोच घ्या, इतिवृत्त वाचलं जाईपर्यंत मंडप सोडू नका. मंजुरी निघाल्यावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात अपिलाला 30 दिवस मिळतात, सबळ कारण दाखवलं तर आणखी 60. त्यानंतर दार बंद होतं.