मोठ्या चित्रांसाठी मुद्रणयंत्र आणि शाई

कोलकात्याच्या नैर्ऋत्येस, हुगळी नदीच्या काठी वसलेले बजबज हे तागाच्या गिरण्यांचे व तेलाच्या साठ्यांचे जुने गाव होय. कॅनडाने परत पाठविलेले ‘कोमागाता मारू’ जहाजाचे प्रवासी २९ सप्टेंबर १९१४ रोजी येथेच उतरले. त्या दिवशी झालेल्या गोळीबारात सुमारे वीस माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत बहुसंख्य प्रवासीच होते. त्यांच्या स्मारकाचे उद्घाटन १९५२ साली पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. जहाज व्हँकुव्हरच्या बंदरात अडकून पडले असताना घेतलेली प्रवाशांची छायाचित्रे आजही उपलब्ध आहेत.

या गावातील एखाद्या संकल्पकाकडे दोन कामे आली आहेत, अशी कल्पना करावी. एक काम दुर्गापूजेच्या मंडपाबाहेर लावायच्या वीस फुटी फलकाचे आहे. दुसरे, वर सांगितलेल्या छायाचित्रांच्या मोठ्या प्रतींचे. या प्रती एखाद्या दालनात कायम टांगल्या जाणार आहेत. दोन्ही कामे इंकजेट यंत्रावर होतात; परंतु एकच यंत्र व एकच शाई दोन्हींना सारखी उपयोगी पडेल, असे मानणे चुकीचे ठरेल. यंत्राची किंमत विचारण्यापूर्वी चित्र कोठे लागणार, ते किती अंतरावरून पाहिले जाणार आणि किती काळ टिकावयाचे, हे तीन प्रश्न विचारले पाहिजेत.

इंकजेट यंत्रात केसाहूनही बारीक अशा असंख्य छिद्रांतून शाईचे थेंब कागदावर फेकले जातात. काही यंत्रांत उष्णतेने क्षणभर बुडबुडा निर्माण करून थेंब बाहेर ढकलला जातो, तर काहींत विजेच्या दाबाने आकुंचन पावणारा स्फटिक हे काम करतो. चित्राचे आयुष्य मात्र थेंब कसा फेकला यापेक्षा त्या थेंबात काय आहे यावर अवलंबून असते.

पाण्यावर आधारलेल्या शाया मुख्यतः दोन प्रकारच्या असतात. रंजकाच्या शाईत रंग पाण्यात साखरेसारखा विरघळलेला असतो. ती झळझळीत दिसते व स्वस्तही पडते. परंतु तिचा प्रत्येक रेणू प्रकाशाला व हवेला उघडा असतो. २००० साली बाजारात आलेल्या एका छायाचित्र-मुद्रकाच्या काही प्रती हवेतील ओझोनमुळे अल्पावधीतच नारिंगी पडू लागल्या होत्या. रंगद्रव्याच्या शाईत याउलट रंगाचे अतिसूक्ष्म कण तरंगत असतात. कणाचा बाहेरचा थर झिजला तरी आतला रंग शाबूत राहतो. आपल्या जुन्या पोथ्यांची शाई काजळी व डिंक यांपासून करीत, आणि शेकडो वर्षांनंतरही ती काळीच दिसते. रंगद्रव्याची काळी शाई त्याच कुळातली आहे.

स्मारकाच्या छायाचित्रांसाठी म्हणूनच रंगद्रव्याची शाई घ्यावी. चित्रे कृष्णधवल असल्याने काळ्या शाईच्या जोडीला करड्या रंगाच्या दोनतीन शाया वापरणारे यंत्र पाहावे. केवळ निळा, किरमिजी व पिवळा यांच्या मिश्रणातून करडा रंग तयार केला, तर दिवसा तटस्थ वाटणारा चेहरा दिव्याखाली हिरवट किंवा तांबूस दिसू शकतो. कागदही शाईइतकाच महत्त्वाचा असतो. तागात लिग्निन नावाचे द्रव्य असल्यामुळे ताग उन्हात पिवळा पडतो. हेच द्रव्य असलेला कागदही तसाच पिवळा पडतो. कापसाच्या धाग्याचा, आम्लरहित कागद या दोषापासून मुक्त असतो.

पूजेच्या फलकाची गोष्ट निराळी आहे. तो पावसात भिजेल आणि आठ-दहा दिवसांत उतरविला जाईल. त्यासाठी प्लास्टिकच्या पृष्ठभागात किंचित शिरणारी द्रावकाची शाई योग्य असते; मात्र तिची वाफ अपायकारक असल्याने खोलीत हवा खेळती हवी. अशा फलकाला फार बारीक ठिपक्यांची गरज नसते. निरोगी डोळ्याला तीस सेंटिमीटरवरून मिलिमीटरच्या सुमारे अकराव्या भागाइतके अंतर वेगळे दिसते, तर तीन मीटरवरून जवळजवळ एक मिलिमीटर. म्हणून हातात घेऊन पाहायच्या चित्राला इंचास तीनशे ठिपके लागतात, तर रस्त्यावरच्या फलकाला तीस-चाळीसही पुरतात.

बंगालच्या पावसाळ्यात हवेतील आर्द्रता ऐंशी टक्क्यांवर जाते, हेही विसरता कामा नये. ओल धरलेला कागद फुगतो व यंत्राच्या शीर्षाला घासतो. रंजकाची शाई कडांना पसरते. कागदाची गुंडाळी काम नसताना पिशवीत बंद ठेवावी. यंत्र आठवडेच्या आठवडे स्वस्थ ठेवले तर छिद्रे बुजतात, आणि ती साफ करण्यातच पुष्कळ शाई वाया जाते.

हिशेबही शाईपासूनच मांडावा. एका चौरस मीटरला पंधरा मिलिलिटर शाई लागते असे धरले, तर ७०० मिलिलिटरच्या डबीत सुमारे सेहेचाळीस चौरस मीटर छपाई होईल, आणि ८० मिलिलिटरच्या डबीत जेमतेम पाच. लहान डब्यांचे स्वस्त यंत्र अखेरीस महाग पडते ते यामुळेच. परक्या बनावटीची स्वस्त शाई भरल्यास रंगांचे जुळवलेले प्रमाण बिघडते व टिकाऊपणाची खात्री उरत नाही.

अशा संकल्पकाने फलकाचे काम बाहेरच्या छापखान्याकडे सोपवावे आणि स्वतःसाठी चोवीस किंवा चव्वेचाळीस इंच रुंदीचे, रंगद्रव्याच्या शाईचे यंत्र घ्यावे, हे शहाणपणाचे ठरेल. पूजेचा फलक विसर्जनानंतर कोणी पाहणार नाही. परंतु १९१४ च्या प्रवाशांचे चेहरे आणखी दोन पिढ्यांनी पाहावयाचे असतील, तर ते शाईने धरून ठेवले पाहिजेत.