कार्बनचा कायदा आणि तारापूरची हवा

कारखान्यांच्या हरितगृह वायूंवर लगाम घालण्यासाठी केंद्राने ऊर्जा संवर्धन कायदा दुरुस्त केला. लोकसभेने विधेयक ८ ऑगस्ट २०२२ रोजी, तर राज्यसभेने १२ डिसेंबर २०२२ रोजी मंजूर केले. कार्बनचा विषय पर्यावरण खात्याऐवजी ऊर्जा खात्याकडे का, हा त्यावरचा एक महत्त्वाचा प्रश्न होता.

२०२३ च्या योजनेत पोलाद, सिमेंट, कापड अशा ठरावीक क्षेत्रांतील मोठ्या कारखान्यांना टनामागे उत्सर्जनाची मर्यादा मिळते. त्याखाली राहणाऱ्याला क्रेडिट मिळते, ओलांडणाऱ्याला ते विकत घ्यावे लागते. मर्यादा टनामागे असल्याने उत्पादन वाढले की एकूण उत्सर्जन वाढू शकते.

कार्बन डायऑक्साइड जगभर पसरतो, म्हणून त्याची घट कुठेही झाली तरी चालते. बोईसर-तारापूरच्या एमआयडीसीतला रसायनांचा वास आणि खाडीत जाणारे सांडपाणी मात्र इथल्याच माणसांच्या वाट्याला येते. त्यावर उपाय १९७४ चा जल आणि १९८१ चा वायू प्रदूषण कायदा. मच्छीमार समाजाच्या संघटनेच्या अर्जावर राष्ट्रीय हरित लवादाने जानेवारी २०२२ मध्ये इथल्या शंभरहून अधिक कारखान्यांना भरपाईचा आदेश दिला, तो प्रदूषणासाठी.

२०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षणाचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद १४ व २१ मध्ये असल्याचे मान्य केले. अनुच्छेद १४ समानतेचा आहे, कारण झळ आधी गरिबाला बसते. त्यामुळे कार्बनचा हिशेब दिल्लीत होऊ द्या, पण प्रदूषण नियंत्रण मंडळाने कारखान्याला घातलेल्या अटी माहिती अधिकारात मागवा आणि ग्रामसभेत वाचा.