दुहेरी नव्हे, पहिलाच होकार

माझ्या कुणा नामबंधूने एका दुकानात बिल करताना ईमेल पत्ता सांगितला. एखादं अक्षर चुकलं असावं. तेव्हापासून साड्यांच्या सेलची पत्रं मला येतात. दुकानाच्या लेखी मी ‘संमती दिलेला ग्राहक’ आहे.

यावरचा उपाय जुना आहे. पत्ता नोंदवला की त्यावर एकच पत्र धाडायचं, त्यात एक लिंक. ती दाबली तरच नाव यादीत, नाहीतर गप्प बसायचं. लिंकमध्ये दर वेळी वेगळी, अंदाज न बांधता येणारी अक्षरं असतात. त्यामुळे दाबणाऱ्याच्या हाती तो मेलबॉक्स आहे, एवढं तरी कळतं.

भांडण आहे ते नावावरून. मार्केटिंगवाले याला ‘डबल ऑप्ट-इन’, म्हणजे दुहेरी होकार, म्हणतात. स्पॅमविरुद्ध काम करणारी ‘स्पॅमहाउस’ ही संस्था ‘कन्फर्म्ड ऑप्ट-इन’ हा शब्द धरून बसली आहे. ‘डबल’ म्हटलं की ग्राहकाला उगाच दोनदा विचारतोय असं वाटतं. मला हा हट्ट पटतो. पहिल्या वेळी होकार मिळालेलाच नसतो. कुणीतरी एक पत्ता टाइप केलेला असतो. मामाने पसंती कळवली म्हणजे मुलीने होकार दिला, असं होत नाही. आपल्याकडे ‘दुजोरा’ हा नेमका शब्द आहे, आणि तो कुणाला जाच वाटत नाही.

दुजोरा नसला की काय होतं, ते ऑगस्ट 2016 मध्ये दिसलं. हल्लेखोरांनी ठरावीक पत्ते, त्यांत अमेरिकी सरकारी पत्तेही होते, यंत्राकरवी असंख्य याद्यांच्या फॉर्मांत भरले. मेलबॉक्स तुंबले. पत्रं पाठवणारे बहुतेक सज्जनच होते. फक्त अनेकांनी दुजोरा मागितला नव्हता.

दुजोऱ्यालाही हद्द असते. फेब्रुवारी 2011 मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने सांगितलं, की ईमेलमधली लिंक दाबल्याने फोनवरच्या जाहिरातीला संमती सिद्ध होत नाही. फॉर्ममधला फोन नंबर दुसऱ्याचाही असू शकतो. मुळात संमती कशाला म्हणायचं, हाही प्रश्न आहेच. ऑक्टोबर 2019 मध्ये युरोपीय न्यायालयाने आधीच टिक केलेली चौकट ही संमती नव्हे असा निकाल दिला. अमेरिकेचा जाहिरातींच्या ईमेलविषयीचा 2003 चा कायदा मात्र पूर्वसंमती मागतच नाही, ‘नको’ म्हणायची सोय तेवढी ठेवायला लावतो. आपला 2023 चा विदा संरक्षण कायदा स्पष्ट कृतीतून दिलेली संमती मागतो.

परवा वैतागून साड्यांच्या पत्रातलं ‘अनसबस्क्राइब’ दाबलं. पडद्यावर प्रश्न आला: ‘तुम्हाला नक्की बाहेर पडायचं आहे का?’