एकट्याने पळायचे कसे?



केंद्राच्या क्रीडा स्पर्धेत लांब धावण्याची शर्यत आहे. तिच्यासाठी आम्ही पाच मुलींनी सकाळी पळायचे ठरवले. पहिल्या दिवशी पाचही जणी आल्या. चौथ्या दिवशी मी एकटीच. म्हणून एकट्याने पळायचे कसे, ते लिहीत आहे.

लांब शर्यतीत सुरुवातीलाच सुसाट सुटू नये. शरीराला प्राणवायू कमी पडतो, छाती धडधडते आणि मग पाय चालत नाहीत. मैत्रीण सोबत असली की तिच्याकडे पाहून वेग कळतो. एकटीला कसा कळणार? मी पळताना बाराचा पाढा म्हणते. पाढा नीट म्हणता आला तर वेग बरोबर. चौऱ्याऐंशीपाशीच दम लागला तर हळू व्हायचे. (वर्गात माझा पाढा चुकतो तो दमाने नाही, ते गुरुजींना माहीत आहे.)

मारुतीच्या पारापासून पुलापर्यंत जाऊन परत आले की एक फेरी. मी उजाडल्यावरच निघते. आबा पारावर बसलेले असतात. पहिल्या आठवड्यात दोन फेऱ्या केल्या, दुसऱ्यात तीन, आता पाच करते. एकदम वाढवल्या तर पोटऱ्या भरून येतात आणि दुसऱ्या दिवशी उठवत नाही. रविवारी पायांना सुट्टी.

बीड जिल्ह्यातील मांडवा गावचे अविनाश साबळे हे शेतकऱ्याचे मुलगे. लहानपणी त्यांची शाळा सहा किलोमीटर दूर होती. पुढे ते सैन्यात गेले. त्यांची शर्यत ३००० मीटरची, तिला स्टीपलचेस म्हणतात. तिच्यात २८ वेळा अडथळ्यावरून आणि ७ वेळा पाण्यावरून उडी मारावी लागते. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी ८ मिनिटे ११.२० सेकंदांत ती पूर्ण केली व रौप्यपदक मिळवले. पहिला आलेला केनियाचा धावपटू फक्त ०.०५ सेकंद पुढे होता! पापणी लवायलासुद्धा याहून जास्त वेळ लागतो. २०२३ साली आशियाई स्पर्धेत मात्र त्यांना सुवर्णपदक मिळाले. एवढ्याशा वेळाने पदक बदलते, हे कळल्यापासून एक सकाळसुद्धा चुकवायची मला भीती वाटते.

पण मी एक चुकवली. ते सांगते.

पळून आले की मी गोठ्याच्या भिंतीवर कोळशाने एक रेघ मारते. कंटाळा आला तरी रेघ मारायला मिळेल म्हणून उठते. एके दिवशी थंडी फार होती. मी गोधडीतून निघालेच नाही आणि रेघ मात्र मारली. मायला काही कळले नाही. आबा पारावर असतात, हे मी विसरूनच गेले. संध्याकाळी ते भिंतीकडे पाहून म्हणाले, "आज त तू झोपूनच होती नं वं?"

मला फार लाज वाटली. मी ती रेघ ओल्या फडक्याने पुसली, पण ती नीट निघाली नाही. तिथे काळा डाग राहिला आहे.

आज भिंतीवर २३ रेघा आहेत. डाग मी मोजत नाही.