रूममधला कचरा : जबाबदारी कोणाची?

महाविद्यालयांचे प्रवेश सुरू झाले, की अमरावतीत कठोरा नाक्याच्या परिसरात आणि अकोल्यात शिकवणी वर्गांच्या आसपास भाड्याच्या खोल्या भरू लागतात. गावोगावची मुले-मुली तिघे-चौघे मिळून राहतात. भाडे, वीजबिल, मेसचा डबा यांचा हिशेब काटेकोर ठेवला जातो. कचऱ्याची बादली मात्र कोणाच्याच वाट्याला येत नाही. भाजीची साले, दुधाच्या पिशव्या, रद्दी आणि पाण्याच्या बाटल्या एकाच पिशवीत कोंबल्या जातात आणि त्यावरूनच रूम पार्टनरमध्ये पहिला खटका उडतो.

सर्व कचरा एकत्र टाकल्याने नुकसान दुहेरी होते. उरलेल्या वरणाने भिजलेला कागद भंगारवाला घेत नाही आणि प्लॅस्टिक मिसळलेल्या सालींचे खत होत नाही. वऱ्हाडातील उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तेव्हा अशी पिशवी एका दिवसात कुजते. पुढे त्यातूनच बाटल्या निवडणाऱ्या कचरावेचकाचा हात फुटक्या काचेवर किंवा वापरलेल्या ब्लेडवर पडतो. अमरावतीत अशा मिश्र कचऱ्याचे ढीग सुकळी येथील कंपोस्ट डेपोवर वर्षानुवर्षे साचत आले. हे टाळण्यासाठीच केंद्र शासनाने २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांद्वारे वर्गीकरणाची जबाबदारी कचरा करणाऱ्यावरच टाकली. त्यातून भाडेकरू सुटत नाही.

‘घंटागाडीत सगळे एकत्रच होते, मग आपण कशाला वेगळे करायचे?’ हा रूम पार्टनरचा नेहमीचा प्रश्न. तो अगदीच निराधार नाही. पण रद्दी, पुठ्ठा, बाटल्या आणि पत्र्याचे डबे घंटागाडीत जाण्याचे कारणच नाही. ते थेट भंगारवाल्याकडे जातात. म्हणजे या भागापुरते यश पालिकेवर नव्हे, खोलीतल्या चौघांवरच अवलंबून असते.

दुसरी सबब पाण्याची. पाणी जपून वापरावे लागते, तेथे पिशव्या कोण धुणार? त्यासाठी वेगळे पाणी लागत नाही. भांडी विसळलेल्या पाण्यातच दुधाची पिशवी खळबळून दोरीवर वाळत टाकता येते. पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नये. तो चिमुकला तुकडा हमखास हरवतो आणि गटारात जातो.

व्यवस्था सोपी असली, तरच ती टिकते. ओल्या कचऱ्यासाठी झाकणाची बादली ओट्याजवळ ठेवावी, सुक्यासाठी जुने पोते दाराशी. ब्लेड, बल्ब, बॅटरीचे सेल यांना वेगळा डबा द्यावा. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून, खूण करून स्वतंत्र द्यावेत. बादली बाहेर नेण्याची पाळी आठवड्यानुसार भिंतीवर लिहून ठेवली, म्हणजे रोजची कुरबुर मिटते. भंगाराचे पैसे थोडेच येतील, पण ते सामाईक खर्चात जमा करावेत. झाडू आणि फिनाइल त्यातून निघाले, की फायदा सर्वांना दिसतो.

खोलीमागे कचरा पेटवून देणे हा मात्र उपाय नव्हे. २०२५ च्या स्वच्छ वायू सर्वेक्षणात ३ ते १० लाख लोकसंख्येच्या शहरांत अमरावतीने देशात पहिला क्रमांक मिळविला. जळत्या प्लॅस्टिकचा धूर या कमाईवर पाणी फिरवणारा आहे.

राहता राहिला प्रश्न ऐकत नसलेल्या रूम पार्टनरचा. त्याचे उत्तर याच मातीत आहे. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ मध्ये जन्मलेले संत गाडगेबाबा गावात शिरताच आधी खराटा हाती घेत. दिवसा गाव झाडून होई, रात्री कीर्तनातून उपदेश. आधी हात आणि मग तोंड, हा तो क्रम. रूममध्येही पहिल्या आठवड्यात पोते लावावे, स्वतःची बाटली त्यात टाकावी, टोमणा मारू नये. महिनाअखेर भंगारवाला आला, की पोते उचलून द्यायला त्या पार्टनरलाच सोबत न्यावे. ज्यांच्या नावाच्या विद्यापीठाची पदवी अमरावती-अकोल्याचे विद्यार्थी घेतात, त्या बाबांचा हा धडा अभ्यासक्रमाबाहेरचा असला, तरी अवघड नाही.