रात्रीची तबकडी

जाझ म्हटलें कीं आमच्या पिढीस गोंगाटच आठवतो. माझा हा ग्रह 'बर्थ ऑफ द कूल' या संग्रहानें घालविला. निवृत्तीनंतर मला झोप थोडी. नातवानें तो आणून दिला.

माइल्स डेव्हिस या ट्रंपेटवादकानें या रचना १९४९-५० सालीं न्यूयॉर्कमध्यें नऊ जणांच्या वृंदासह मुद्रित केल्या. कांहीं सुट्या तबकड्यांवर निघाल्या. त्यांची एक बाजू जेमतेम तीन मिनिटें चाले; डोळा लागतो न लागतो तोंच उठून सुई उचलावी! १९५७ सालीं कॅपिटल कंपनीनें अकरा रचना एका दीर्घ तबकडीवर गुंफल्या, आणि सुट्या तुकड्यांतून एक सलग रात्र निर्माण झाली.

फ्रेंच हॉर्न व ट्यूबा यांच्या जोडीनें ध्वनि दाट आणि मऊ होतो. डेव्हिस सूर फारसा कांपवीत नाहीं. त्यामुळें ट्रंपेट वाजतो, पण दचकवीत नाहीं. गिल इव्हान्स, गेरी मलिगन प्रभृति रचनाकारांचें हें कसब. मेजवानींतही ही तबकडी शोभते; मात्र आवाज शेजाऱ्याशीं बोलतां येईल इतकाच ठेवावा.

पहिली रचना 'मूव्ह' चांगलीच धांवरी आहे. निजानीज झाल्यावर मी ती वगळतों आणि संथ 'मून ड्रीम्स'पासून आरंभ करतों.