ससे व बारीक शिकार यांची बंदूक : जुन्या नोंदी व वस्तू यांवरून ती कशी ओळखावी

जुन्या वाड्यांतून बंदुकी जमविणाऱ्यांस आणि जिन्नसवार याद्या वाचणाऱ्यांस एक अडचण वारंवार येते. यादींत ‘शिकारी बंदूक’ एवढेंच लिहिलेलें असतें, आणि भिंतीवरची आंखूड बांध्याची कोणतीही बंदूक त्या नोंदीस चिकटवून देण्यांत येते. लहान बंदूक ती लहान सावजाची, हा समज सोयीचा आहे, खरा नाहीं. बंदुकींतून काय सुटतें, आणि चाप दाबल्यापासून तें किती वेळानें सुटतें, या दोन गोष्टींवर बारीक शिकारीची बंदूक ठरते. नळीची लांबी ही त्यानंतरची बाब होय.

आधीं सावजाकडे पाहावें. आपल्याकडील रानससा बीळ करीत नाहीं. गवताच्या किंवा झुडपाच्या आडोशास तो दबून राहतो आणि माणूस अगदीं जवळ आला म्हणजे उठून वांकडातिकडा पळतो. (इंग्रजी ग्रंथांत सशाच्या दोन जातींस दोन निराळीं नांवें आहेत. बिळांत समूहानें राहणारा युरोपांतील ससा आपल्या रानांत मुळींच नाहीं. मराठींत दोहोंस ससाच म्हणत असल्यामुळें तिकडील बिळावरच्या शिकारीचें वर्णन दख्खनच्या माथीं बसण्याचा संभव असतो.) तित्तिर व लावा यांची गोष्टही अशीच, पायांपासून भुर्रकन् उठणारें सावज. नेम धरून स्वस्थ बसण्यास येथें अवकाश नाहीं.

आतां तोड्याची बंदूक घ्या. चाप दाबला म्हणजे जळती जामगी धरलेला घोडा प्याल्यावर उतरतो, रंजक पेटते, मग कानांतून आग आंत जाऊन बार उडतो. उभ्या हरणास हा विलंब जाणवत नाहीं. पळत्या सशास तो पुरेसा होतो. शिवाय नळी पुष्कळदां चार फुटांच्या आसपास, दस्ता सरळ व अरुंद, त्यामुळें खांद्यास लावून सावजाबरोबर झटकन् फिरवावी अशी तिची घडण नाहीं. जहांगीर बादशहानें आपल्या आत्मचरित्रांत वयाच्या पन्नासाव्या वर्षापर्यंतच्या शिकारीची मोजदाद दिली आहे. स्वतः मारलेलीं जनावरें व पक्षी मिळून १७,१६७. त्यांत नीलगाई ८८९, कबुतरें १०,३४८, आणि ससे अवघे २३. ससा हें बादशाही मानाचें सावज नव्हे, हें एक कारण असेल. तथापि उत्तम नेमबाज व उत्तम बंदुकी जवळ असतां हा आंकडा इतका तुटपुंजा राहावा, यांत हत्याराचाही दोष आहे असें आम्हांस वाटतें. ससे धरावयाचे ते वाघरींत, फाशांत, कुत्र्यांकडून किंवा शिकारी पक्ष्यांकडून. तेव्हां अठराव्या शतकापूर्वींच्या कागदांत सशाच्या शिकारीचा उल्लेख आला म्हणून त्याबरोबर बंदूक गृहीत धरूं नये. पेशवाईंतील ‘शिकारखाना’ या शब्दानेंही असाच घोंटाळा होतो. तेथें वाघसिंहादि जनावरें बाळगीत, तो बंदुकींचा कोठा नव्हे.

बारीक शिकारीचें खरें साधन छर्रा. एका गोळीऐवजीं शेंकडों बारीक शिसगोळ्या पसरत गेल्या म्हणजे नेमांतील थोडी चूक भरून निघते. एकसारखे गोल छर्रे मुबलक होऊं लागले ते ब्रिस्टलच्या विल्यम वॉट्सनें १७८२ सालीं सनद घेतलेल्या रीतीनें; वितळलेलें शिसें उंच मनोऱ्यावरून चाळणींतून पाण्यांत सोडावयाचें. मात्र ठासणीच्या सपाट नळीच्या बंदुकींत गोळीही चालते व छर्राही चालतो. म्हणून नुसत्या बंदुकीवरून निर्णय देणें धाडसाचें आहे. जवळ गोळीचा साचा सांपडतो कीं छर्ऱ्याची पिशवी व माप सांपडतें, हें पाहावें. संग्राहक शिंगडें व पिशव्या टाकून देतात आणि नळी तेवढी पुसून ठेवतात. असें करण्यांत अर्धा पुरावा जातो.

गारेच्या बंदुकीनें विलंब कमी झाला, गेला नाहीं. पाण्यावरील पक्षी रंजकेचा भडका पाहून छर्रा पोहोंचण्यापूर्वींच बुडी मारीत, या त्रासानें स्कॉटलंडमधील पाद्री अलेक्झांडर फॉर्साइथ यानें आघातानें पेटणारें मिश्रण चापाशीं जोडलें, असें सांगतात. त्याची सनद १८०७ ची. पुढें त्यांतूनच केपाची बंदूक निघाली. सैन्यांत सर्वत्र पसरलेल्या या सुधारणेचा उगम बदकांच्या शिकारींत असावा, ही मौजेची गोष्ट आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत मागून भरावयाची काडतुसी दोननळी आली आणि बारीक शिकारीची बंदूक आजच्या रूपास पोहोंचली.

या दोननळीवरील आंकडे वाचतांना चूक होते ती अशी. ‘बारा बोर’ म्हणजे नळीच्या रुंदीच्या बारा शिसगोळ्यांचें वजन एक पौंड. अर्थात् आंकडा वाढला कीं नळी अरुंद होते. बारा बोरची नळी १८.५ मि.मी., वीस बोरची १५.६ मि.मी. तोळ्याच्या हिशेबानें (१८० ग्रेनचा तोळा धरून) बाराची गोळी सुमारें सव्वातीन तोळे, विसाची दोन तोळ्यांस किंचित् कमी. गोळ्यांचीं वजनें तोळ्यांत दिलेलीं असल्यास हा हिशेब उपयोगी पडतो, परंतु त्या प्रांतींचा जुना तोळा आधीं तपासून घ्यावा. सशास इंग्रजी मापाचा चार किंवा पांच नंबरचा छर्रा, तित्तिरास सहा, लाव्यास आठ, अशी वहिवाट होती. सहा नंबरचे एका औंसांत सुमारें २७०, आठचे ४५० बसतात. चाळीस यार्डांपलीकडे छर्रा इतका विरळ होतो कीं सावज मरण्याऐवजीं जखमी होऊन जातें. चांगला शिकारी तेथें बार काढीत नसे. त्यांतल्या त्यांत उजवी नळी मोकळी व डावी तोंडाशीं किंचित् आवळलेली, अशी बारा बोरची दोननळी सर्वांत उपयुक्त ठरली. बसल्या सशास .२२ ची रायफल पुरते. पण तिची गोळी मैलाहून दूर जाऊं शकते, म्हणून मागें टेंकाड नसेल तर ती सपाट मुलखांत धोक्याची.

भारतापुरता हा सर्व विचार आतां इतिहासजमा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यांत बारीक शिकारीस परवान्याची वाट ठेविली होती, ती १९९१ च्या दुरुस्तीनें बंद झाली. आतां प्रश्न उरतो तो वस्तू ओळखण्याचा व त्या सुरक्षित राखण्याचा.

एका घरीं आम्हांस ‘पेशवाईंतील ससे मारण्याची’ म्हणून एक आंखूड बंदूक दाखविण्यांत आली. चापाशेजारीं केप बसविण्याची बोंडी स्पष्ट दिसत होती. म्हणजे ती स्थिति पेशवाईनंतरची. परंतु चापाच्या पट्टीवर बुजविलेलीं भोंकें होतीं, त्यांवरून मूळची गारेची बंदूक मागाहून बदलून घेतली असावी. तेव्हां घरची परंपरा सर्वस्वीं खोटी नव्हती, आणि यजमानांनीं तीं भोंकें कानशीनें साफ करण्याचा बेत आमच्या विनंतीवरून सोडून दिला. नंतर आम्हीं गज नळींत सोडला, बाहेर तोंडाशीं खूण केली, आणि तोच गज नळीच्या बाहेरून लावून पाहिला. बोंडीपासून चार बोटें अलीकडेच तो थांबत होता. आंत बार ठासलेला होता. कोरडी राहिलेली काळी दारू शंभर वर्षांनींही पेटते. त्या बंदुकीशीं घरचीं मुलें खेळत आलीं होतीं. बार उपसण्याचें काम परवाना असलेल्या कारागिराकडून करविलें. निघाली ती एक गोळी होती, छर्रे नव्हते.